पायाच्या अंगठ्याचं माप

[दृश्य: धाब्याचं घर, ओटा, टळटळीत दुपार]

अमळनेर तालुक्यातलं एक गाव. वैशाखाचं ऊन. ओट्यावर बसलेल्या या आजींना घरात सगळे माय म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. थोरल्या लेकाचं नाव आठवत नाही, मघाशी जेवलो हेही आठवत नाही. डॉक्टरांनी निदान केलंय, स्मृतिभ्रंश. भारतात साठीच्या पुढचे अंदाजे 88 लाख लोक या आजारासह जगतायत. त्यातल्या या एक.

आधी आम्ही मोबाइलवर एक जुनं भावगीत लावलं. माय पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. गाणं संपलं, त्यांना पत्ताही नाही.

मग शेजारच्या दोघींनी आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, झोक्यावरचं अहिराणी गाणं धरलं.

[क्लोज-अप: उजवं पाऊल]

इथे बघा. अंगठा जमिनीला टेकतो, टाच उचलते. पुन्हा टेकतो. झोक्याला रेटा देताना पाय मारतात ना, अगदी तसं. खरं सांगायचं तर हे आम्हाला दिसलंच नव्हतं, आमचा कॅमेरा चेहऱ्यावर होता. सूनबाईंनी खुणावलं, "माय आयकी ऱ्हायनी."

हे मोजायचं कसं? मायना विचारून उपयोग नाही, उत्तराचे शब्दच हरवलेत. संगीतोपचार करणाऱ्या ओरी मॅकडर्मॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये अशाच लोकांसाठी 'मिडास' नावाचं साधन तयार केलं. पाहिलं तर पोरखेळ वाटेल. कागदावर पाच आडव्या रेघा, प्रत्येकी 10 सेंटीमीटर. एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्या टोकाला 'सर्वाधिक'. रस, प्रतिसाद, पुढाकार, सहभाग आणि आनंद, एकेकासाठी एकेक रेघ. बघणाऱ्यानं खूण करायची, मग पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे.

गोम आहे ती त्या दुसऱ्या टोकात. सर्वाधिक म्हणजे कुणाचं? माय चारचौघांत मोकळं हसणाऱ्यातल्या कधी नव्हत्याच. आनंदाच्या रेघेवर मी खूण केली 2 सेंटीमीटरवर. तीच रेघ सूनबाईंना दिली, तर त्यांनी केली 7 वर. बत्तीस वर्षं एका चुलीवर काढलेल्या बाईचा हात तो. माझ्यापेक्षा मी तिचीच खूण धरीन.

[दृश्य: गाणं चालू. खापरावर पुरणपोळी, पाटीत आंबे]

2015 मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं, की वर्षानुवर्षं ऐकलेलं गाणं मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेलं असतं, ते भाग अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात नेहमीच्या आजारात, तुलनेनं कमी झिजतात. पण कुठलं गाणं, हे मेंदूचा स्कॅन काढणारं मशीन सांगत नाही. ते माहेराला ठाऊक असतं. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी यायच्या, लिंबाला झोके बांधायच्या. मायच्या कानात तेच बसलंय. भावगीत नंतर कधीतरी रेडिओतून आलं, त्यांचं झालं नाही.

पुढच्या गाण्यात लेक सासरी निघते. मायच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारीण गप्प झाली, "बंद करू का?" म्हणाली. आता ही खूण कुठे करायची? आनंद तर नाही. पण रस? प्रतिसाद? त्या दोन रेघा आम्ही जवळजवळ शेवटापर्यंत नेल्या. मिडासमध्ये रेघांच्या जोडीला एक यादीही असते: अस्वस्थता, उदासी, हसू, शांतपणा. त्यात उदासीपुढे बरोबरची खूण केली आणि गाणं चालू ठेवलं. रडणं म्हणजे गाणं चुकलं, असं आम्हाला वाटलं नाही.

[क्लोज-अप: मायचे ओठ]

तिसऱ्या कडव्यानंतर गाणाऱ्या थांबल्या. त्यांना तेवढंच येत होतं. दोन श्वासांची शांतता. आणि मायनी पुढची ओळ उचलली. बारीक, कापऱ्या आवाजात, पण तालात. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ही ओळ त्या घरात कुणी ऐकलेली नव्हती.

सूनबाईंनी मिडासचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीनं ती ओळ उतरवून घेतली. पुढाकाराच्या रेघेवर खूण करायची तेवढी राहून गेली.