सदतीस म्हटलं की त्र्याहत्तर

(दृश्य: जिल्हा परिषदेच्या शाळेतला दुसरीचा वर्ग. खाली सतरंजी, मांडीवर पाट्या.)

बाई म्हणतात, "लिहा, सदतीस."

पेन्सिली कुरकुरतात. थोड्या वेळानं पाट्या वर होतात. बहुतेकांनी ३७ लिहिलंय, काहींनी ७३. तिसऱ्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी आहे. तिनं आधी सात काढला आणि मग त्याच्या शेजारी तीन. अंक वळणदार आहेत. पाटी तिनं सगळ्यांपेक्षा उंच धरलीय, कारण आपलं बरोबर आहे याची तिला खात्री आहे.

अशा वेळी पाटीवर काट मारली जाते, किंवा "पाच वेळा लिहून आण" असं सांगितलं जातं. या बाई तसं करत नाहीत. त्या विचारतात, "तू सात आधी का लिहिलास गं?"

"तुम्ही आधी सात म्हणालात ना!"

ती अगदी खरं बोलतेय. 'सदतीस' या शब्दात सात आधी येतो, तीस नंतर. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. सहा-सात वर्षांच्या मुलानं जे ऐकलं ते त्याच क्रमानं उतरवलं, तर ७३ च उमटणार. या मुलीचे कान तयार आहेत, हातही तयार आहे. तिला 'कच्ची' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

(दृश्य: फळ्यावर एकाखाली एक संख्या लिहिल्या जातात.)

हे उलटेपण एकटं येत नाही. 'दोन' हा शब्द मूल घरी शिकून येतं. दोन हात, दोन पोळ्या, दोन चिमण्या. शाळेत मात्र बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यातल्या एकाही नावात 'दोन' ऐकू येत नाही. तो कधी 'बा' होतो, कधी 'ब', कधी 'बे', कधी 'ब्या'. दशकांचंही तसंच. पन्नासच्या घरात शिरलं की 'पन्नास' गायब होतो आणि त्याच्या जागी कधी 'वन्न', कधी 'पन्न' येतं. सत्तावन्न, पण त्रेपन्न.

आणि एकोणतीस! मुलाला त्यात तीस स्वच्छ ऐकू येतं, म्हणून ते तीन लिहून मोकळं होतं. तिथे खरं तर दोन हवा. 'एकोण' म्हणजे एकानं ऊन, एक कमी. तीस व्हायला एक कमी. म्हणजे संख्येचं नाव कळण्याआधी मुलाला वजाबाकी करावी लागते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे सगळं असं पार पाडून मूल शेवटी पोचतं, तर तिथे एकोणशंभर नसतं. नव्याण्णव असतं.

एक ते शंभर म्हणजे आपल्याकडे जवळपास शंभर सुटे शब्द. ते पाठ करावे लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण ते केलेही. पण दुकानात सत्तावन्न रुपये झाले की शेजारी उभं असलेलं मूल विचारतं, "आई, सत्तावन्न म्हणजे फिफ्टी सेव्हन ना?" हा प्रश्न आता मराठी घरांत रोजचा झाला आहे. मला तो ऐकताना दर वेळी वाईट वाटतं. मुलाला इंग्रजी येतं याचं नाही. त्याच्या स्वतःच्या भाषेतली संख्या त्याला डोळ्यांसमोर दिसत नाही, याचं.

(दृश्य: पाठ्यपुस्तकाचं पान.)

जून २०१९. बालभारतीचं दुसरीच्या गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात नेहमीच्या नावांबरोबर वाचनाची आणखी एक रीत दिली होती. एकवीस म्हणजे वीस एक. सदुसष्ट म्हणजे साठ सात. गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. कारणं साधी होती. जुन्या नावांमध्ये अवघड जोडाक्षरं आहेत आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलट आहे. लहान मुलं दोन्हीला अडखळतात.

महाराष्ट्रात गदारोळ झाला. विषय विधिमंडळापर्यंत गेला. भाषा मोडीत काढताय, असं लोक म्हणाले. तो राग पोकळ नव्हता. 'तीस सहा' म्हटलं तर छत्तीसचा आकडा कुठे जाईल? देवनागरीत तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, म्हणून तर आपण भांडलेल्या दोघांबद्दल तसं म्हणतो. बावनकशी सोन्याचं काय करायचं? हे शब्द आपल्या घरातले आहेत, ते जाऊ नयेत असं वाटणं स्वाभाविकच.

फक्त त्या वादात एक गोष्ट बाजूला पडली. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही रीती शेजारी शेजारी होत्या.

आणि दशक आधी बोलणं आपल्याला परकंही नाही. सोलापूर, अक्कलकोट, जत या भागात घरी कानडी बोलणारी कितीतरी मुलं मराठी शाळेत येतात. कानडीत एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु'. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. तेलुगू, तमिळ, मल्याळम याही भाषांत वीस आधी, एक नंतर. हिंदी, गुजराती, बंगाली आपल्यासारख्या. युरोपात जर्मन भाषा आपल्यासारखीच एकक आधी बोलते. नॉर्वेतही तसंच बोलत. टेलिफोनचे आकडे सांगताना गोंधळ होऊ लागला, तेव्हा १९५१ पासून तिथे अधिकृतपणे क्रम बदलला. तरीही जुनी रीत लोकांच्या तोंडी बरीच वर्षं राहिली. भाषा हुकमानं एका दिवसात बदलत नाही, आणि बुडतही नाही.

संस्कृतात तर 'अङ्कानां वामतो गतिः' असा संकेतच होता. एककापासून सुरू करायचं आणि डावीकडे सरकत जायचं. एकविंशती, द्वाविंशती. आपली नावं त्याच वळणाची आहेत. याच भूमीत आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवलं की प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट असतं. दुसरीतल्या मुलापर्यंत पोचवायचं आहे ते हे. नाव कुठलंही घ्या, पण तीस म्हणजे दहाचे तीन गठ्ठे हे मुलाला कळायला हवं.

(दृश्य: सतरंजीवर काड्या, चिंचोके, रबरबँड.)

बाई आता पाट्या बाजूला ठेवायला सांगतात. प्रत्येकापुढे मूठभर काड्या. "दहा मोजा, रबर लावा." एवढंच काम. कुणाचा गठ्ठा नऊचा होतो, कुणाचा अकराचा. शेजारचा मोजून दाखवतो, मग परत रबर काढायचं, परत मोजायचं. घाई नाही. गठ्ठा स्वतःच्या हातानं बांधला पाहिजे. आयते बांधलेले गठ्ठे मिळाले तर मुलाला ती एक जाडी काडी वाटते, तिच्या आत दहा आहेत हे बोटांना कळत नाही.

गठ्ठा म्हणजे दशक. उरलेल्या सुट्या काड्या म्हणजे एकक.

"सदतीस काड्या घे." वेण्यावाली मुलगी सात सुट्या आधी उचलते, मग तीन गठ्ठे. तिनं ऐकलं तसंच उचललं आणि ते अगदी बरोबर आहे! काड्यांना क्रमाची पर्वा नसते. सात सुट्या आणि तीन गठ्ठे कुठल्याही बाजूनं मांडा, सदतीसच होतात. क्रमाचा प्रश्न लिहिताना येतो.

त्यासाठी बाईंकडे संख्याकार्डं आहेत. लांबट कार्डावर ३०, छोट्या कार्डावर ७. छोटं कार्ड मोठ्या कार्डावरच्या शून्यावर ठेवायचं. शून्य झाकलं जातं आणि ३७ दिसतं. कार्ड उचललं की शून्य परत हजर. मुलं हे पुन्हा पुन्हा करतात, झाकतात, उघडतात. परीक्षेत विचारतात, "३७ मध्ये ३ ची स्थानिक किंमत किती?" उत्तर "३०" असं पाठ करता येतं. पण ते झाकलेलं शून्य एकदा बघितलं की पाठ करायची गरज उरत नाही.

ही कल्पना जुनी आहे. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत 'बालगृह' नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत सोनेरी मण्यांचं एक साधन आहे. एक सुटा मणी, दहा मण्यांची दांडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. हजार म्हणजे केवढं, ते मूल दोन्ही हातांनी उचलून बघतं.

पण ते मणी महाग. आपल्या खेड्यातल्या मुलांसाठी ही वाट मोकळी केली शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर, मुंबईत बालशिक्षणाची चळवळ रुजवल्यावर, त्या १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ. समोर होती कष्टकऱ्यांची मुलं, आणि पुढे जवळच्या कोसबादच्या टेकडीवर वारली आदिवासींची. तिथे परदेशी साधनं कुठून आणणार? मग समुद्रावरचे शिंपले आले, बिया आल्या, खडे आले, पानं आली. जी मुलं बालवाडीत येत नव्हती, त्यांच्या अंगणात बालवाडी गेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर बोलला जातो, त्याचं मूळ या कामात आहे. चिंचोक्यांनी गणित शिकवणं ही गरिबाची तडजोड आहे असं अजूनही काही पालकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. चिंचोका मुलाच्या ओळखीचा असतो. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी कल्पनेकडे जाणं, याहून पक्की वाट बालशिक्षणाला अजून सापडलेली नाही.

मग 'वीस एक' म्हणायचं की 'एकवीस'? माझं मत स्पष्ट आहे. गठ्ठे हातात असतात तेव्हा 'तीस सात' म्हणू द्यावं, कारण तेव्हा ते डोळ्यांसमोर आहे तेच बोलतं. मग त्याच गठ्ठ्यांना 'सदतीस' हे नाव द्यावं, आणि 'सद' म्हणजे सात हेही उघड सांगावं. बावीसमधला 'बा' आणि बेचाळीसमधला 'बे' शोधायला लावावं. मुलांना हा शोध आवडतो. 'एकोण'चं कोडं उलगडलं की ती स्वतःच एकोणशंभर म्हणून बघतात आणि हसतात. उजळणीही हवीच, तालात, एका सुरात. ती गठ्ठ्यांच्या नंतर यावी, एवढंच.

(दृश्य: पुन्हा वर्ग. दुपारचं ऊन दारातून आत आलंय.)

आता वेण्यावालीपुढे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. बत्तीस. बाई म्हणतात, "त्यातल्या पाच शेजारच्याला दे."

ती दोन सुट्या उचलते आणि थांबते. शेजाऱ्याचा हात पुढेच आहे. ती बाईंकडे बघते. बाई काही सांगत नाहीत. मग ती गठ्ठ्यांकडे बघते. एक गठ्ठा उचलते, त्याचं रबर काढते आणि मनगटात घालते. दहा काड्या सतरंजीवर पसरतात. आता सुट्या बारा. पाच शेजाऱ्याच्या हातावर जातात. उरलेल्या ती एकेक करून मोजते, ओठ हलवत. सात. बाजूला दोन गठ्ठे.

"सत्तावीस," ती म्हणते, आणि पाटी ओढून आधी दोन लिहिते.