माहेरच्या नावाने शोधा

हे पान बघा. ब्रिटनचं मेडिकल रजिस्टर, म्हणजे तिथे नोंदणी केलेल्या डॉक्टरांची यादी, 1858 च्या कायद्याने सुरू झालेलं, पहिलं 1859 ला छापलं. प्रत्येक डॉक्टरला एकच ओळ, नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, पदवी, बस्स. पदवीच्या जागी एमबीबीएस बॉम्बे दिसलं की मी थांबतेच, कारण हा माणूस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून नाहीतर परळच्या जीएस मेडिकलमधून निघून इथवर पोचलेला असू शकतो.

एका वर्षाचं रजिस्टर बघून काही कळत नाही, पाठोपाठची काढत गेलं की पत्ता सरकताना दिसतो, आधी एक हॉस्पिटल, मग दुसरं, मग वेल्समधल्या कुठल्यातरी खाणकामगारांच्या गावातला दवाखाना. 5 जुलै 1948 ला एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, डॉक्टर पुरत नव्हते, आणि तिथल्या डॉक्टरांना नको असलेल्या जागा, म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णांची हॉस्पिटलं, तिथे आपल्याकडचे लोक राबले. म्हाताऱ्यांच्या विभागात काम केलेल्या काहींच्या मुलाखती ब्रिटिश लायब्ररीत ऐकायला मिळतात, जरूर ऐका.

बोटीने गेलेल्यांचा माग लागतो. मुंबईच्या बॅलार्ड पियरहून लंडनजवळच्या टिलबरी बंदराला पोचलेल्या बोटींच्या प्रवासी याद्या लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे आहेत, पण त्या 1960 पर्यंतच्याच, पुढे विमानाने गेलेले त्यात नाहीत.

आणि बायका तर फारच हरवतात हो. पदवी माहेरच्या नावाने, मग लग्न झालं की आडनाव गेलं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, कधी तर स्वतःचं नावही बदललं, म्हणजे कागदावर दोन वेगळ्याच बायका! रखमाबाई त्या मानाने लगेच सापडतात. नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, कोर्टात लढल्या, 1889 ला लंडनला जाऊन 1894 ला डॉक्टर झाल्या, आणि सगळीकडे नुसत्या रखमाबाई. त्या परत आल्या, सुरतेला काम केलं. ज्या तिकडेच राहिल्या त्यांचं काय?

त्यांचा अर्धा कागद तुमच्या घरात असेल. आजीच्या ट्रंकेत ती निळी एरोग्राम पत्रं असतात ना, आत थंडीचं आणि लोणच्याच्या बरणीचं लिहिलेलं, ती उलटी करा. मागे पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, आणि शिक्क्यावर तारीख. आता त्याच वर्षाचं रजिस्टर काढा आणि तो पत्ता शोधा.