तिसऱ्याची नजर

मेजावर ठेवलेला फोन थरथरतो. तिचं लक्ष जातं. शेजारी बसलेल्याचंही जातं. स्क्रीनवर कुणाचं तरी नाव उमटलंय, आपल्याला ते वाचता येत नाही. ती फोन पालथा घालते. तो सहज म्हणाल्यासारखं म्हणतो, "घे की. महत्त्वाचा असेल."

तिढा पडला. तिसरा माणूस अजून पडद्यावर यायचाच आहे, तरी आपण त्याची वाट बघायला लागलोय. छोट्या भागांच्या मालिकेत प्रेमातली चुरस अशी एका हालचालीत उभी करावी लागते. भांडणाला, खुलाशाला, समजुतीला तिथे वेळच नसतो.

ही कसरत आजची नाही. 'गायडिंग लाइट' ही अमेरिकी मालिका रेडिओवर १९३७ साली सुरू झाली आणि १९५२ मध्ये टीव्हीवर आली. १९६८ पर्यंत तिचा भाग फक्त १५ मिनिटांचा असे, आणि त्यातच जाहिराती. अशा रोजच्या मालिकांनी एक युक्ती हाताशी धरली. प्रसंगाच्या शेवटी एकजण निघून जातो, दार लागतं, आणि कॅमेरा मागे राहिलेल्याच्या चेहऱ्यावर थांबतो. एक सेकंद. दोन. तीन. आतापर्यंत हसून बोलणारा तो चेहरा एकटा पडल्यावर बदलतो, आणि तेवढ्यात भाग संपतो.

त्यांची आणखी एक मांडणी मला फार आवडते. दोघं एकाच खोलीत आहेत. ती खिडकीकडे तोंड करून उभी, तो तिच्या पाठीमागे. दोघांचेही चेहरे आपल्याला दिसतात, त्याला मात्र तिची पाठच दिसते. तो विचारतो, "तुझ्या मनात दुसरं कुणी आहे का?" ती "नाही" म्हणते. तिचे डोळे काय म्हणाले, ते फक्त आपण पाहिलं. आता हे गुपित आपल्यालाही सांभाळायचंय. कितीही खोटी वाटली तरी ही मांडणी टिकली, ती यामुळेच.

मग फोनवरच्या उभ्या मालिका आल्या, म्हणजे फोन उभा धरूनच बघायच्या. चीनमध्ये त्या आधी फोफावल्या. एक-दोन मिनिटांचा भाग, बऱ्याचदा साठ ते शंभर भाग. पहिले काही फुकट, पुढचे पैसे भरून. पैसे भरायची वेळ येते तिथे हमखास काहीतरी अर्धवट सुटलेलं असतं. दार उघडतं, आणि दारात नेमका तो उभा असतो.

उभ्या चौकटीत दोन चेहरे शेजारी शेजारी कसेबसे मावतात. तिसऱ्याला जागाच नाही. मग त्याला मागे ढकलतात. पुढे ती आणि तो जवळ आलेले, आणि दोघांच्या मधल्या फटीत, दूर, धूसर, कुणीतरी उभं. फोकस हळूहळू मागे सरकतो. पुढचे दोघे धूसर होतात आणि मागचा चेहरा स्पष्ट होतो. एवढ्याशा चौकटीत प्रेमत्रिकोण याहून नेमका दाखवता येईल असं मला वाटत नाही.

मात्र या घाईत एका माणसावर सतत अन्याय होतो, आणि तो बघताना मला खरंच वाईट वाटतं. वेळ नाही म्हणून प्रतिस्पर्ध्याला दुष्ट करून टाकतात. ती चिठ्ठी लपवते, तो खोटा निरोप देतो, कुणी कुणाला जिन्यावरून ढकलतं. मग कुणाची निवड होणार हे पहिल्याच भागात कळतं आणि चुरस उरत नाही. दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी आपल्याला चुटपुट लागणार असेल, तरच ताण टिकतो. त्यासाठी चार जादा प्रसंग लागत नाहीत. त्या तिसऱ्याला स्वतःचे दहा सेकंद मिळाले तरी पुरतात.

मघाचाच फोन आता पलीकडून पाहू.

एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसलाय. कानाला फोन. दुसऱ्या हातात तिची विसरलेली छत्री, नीट गुंडाळून बंद लावलेली. रिंग वाजत राहते. तो ओठांतल्या ओठांत पहिलं वाक्य जुळवतो, बदलतो, पुन्हा जुळवतो. रिंग थांबते. तो फोन खिशात ठेवतो.

पाऊस सुरू होतो. छत्री तो उघडत नाही.