लसूण ठेचला की लगेच फोडणीत टाकू नका

हे बघा, ही लसणाची सोललेली अख्खी पाकळी, नाकाशी धरली तरी फारसा वास येत नाही. आता खलबत्त्यात दोनदा ठेचू. आला ना भपकारा? हे सगळं गंधकाचं काम, आणि ते ठेचल्यावरच सुरू होतं, कारण पेशीत ॲलिन हे गंधकाचं द्रव्य एकीकडे असतं आणि ॲलिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, दुसऱ्याच कप्प्यात, पेशी फुटल्या की दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य तयार व्हायला लागतं. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या केमिस्टनी १९४४ मध्ये ते वेगळं काढलं आणि ते बॅक्टेरिया मारतं हेही दाखवलं.

ॲलिसिन फार टिकत नाही, त्याचे पुढे गंधकाचेच दुसरे पदार्थ होतात. २००७ मध्ये असं दिसलं की आपल्या लाल रक्तपेशी त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, हो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच गॅस, पण एवढ्याशा प्रमाणात तो रक्तवाहिन्या सैल करतो. हाय बीपीवाल्यांचं बीपी लसणाने थोडं खाली येतं असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, पण म्हणून गोळी बंद करायची नाही हं! आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता आपण करतो काय, ठेचला की लगेच कडकडीत तेलात. एन्झाइम तिथेच संपतं, ॲलिसिन पूर्ण व्हायच्या आधीच. त्यापेक्षा ठेचून दहा मिनिटं बाजूला ठेवा, तोवर भाजी चिरून होते.

कोबी, फ्लॉवर, मुळा, ब्रोकोली यांचंही असंच आहे, पेशी फुटली की काम सुरू. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे गंधकाचं द्रव्य बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल टॅलले यांच्या टीमने १९९२ मध्ये वेगळं काढलं, ते शरीरातली विषारी द्रव्यं निकामी करणारी एन्झाइम्स वाढवतं. पण भाजी शिजली की तिचं स्वतःचं एन्झाइम जातं, मग सल्फोराफेन फारसं बनतच नाही. यावर उपाय आपल्या डब्यातच आहे, मोहरी! तिच्यातही तेच काम करणारं एन्झाइम असतं. इंग्लंडच्या रेडिंग युनिव्हर्सिटीत २०१८ मध्ये शिजलेल्या ब्रोकोलीवर फक्त १ ग्रॅम मोहरीपूड घालून लोकांना खायला दिली, तर शरीराला चौपटीहून जास्त सल्फोराफेन मिळालं. फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा इथे उपयोग नाही, तिचं एन्झाइम तेलातच जातं. पाणी घालून फेसलेली, नाकात झिणझिण्या आणणारी मोहरी हवी, आपली आजी केळ्याच्या कोशिंबिरीत घालायची ती. ब्रोकोली, कोबी वाफवून जरा निवला की त्यावर चमचाभर घाला, मीठ, थोडं दही, आणि लगेच वाढा.