एकवीस अंकी संख्या आणि सुटलेला हातचा

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. एक संख्या सांगते, तीन-तीन अंकांनी: १४७, ५७३, ९५२, ५८९, ६७६, ४१२, ९२७. एकवीस अंकी आहे. सदुसष्ट वेळा दोन मांडून गुणायचे आणि एक वजा करायचा. पुन्हा सांगते, दोनचा सदुसष्टावा घात, वजा एक.

फ्रान्सचे गणिती मर्सेन यांनी १६४४ साली ही मूळ संख्या मानली होती. १८७६ मध्ये तिथलेच गणिती ल्युका यांनी सिद्ध केलं, ती मूळ नाही. पण तिचे अवयव त्यांना सापडले नव्हते. ते शोधले अमेरिकेचे गणिती कोल यांनी. १९०३च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत त्यांनी फळ्यावर नुसता गुणाकार केला, तोंडातून शब्द काढला नाही, असं सांगतात.

आम्ही आठवीत होतो, सदाशिव पेठेतल्या शाळेत. ऑफ तासाला गणिताचे सर आले आणि काही न बोलता कोल यांचे ते दोन अवयव फळ्यावर लिहिले: वर ७६१८३८२५७२८७, खाली १९३७०७७२१. मध्ये गुणिले. आणि खडू पहिल्या बाकावर ठेवला. आम्ही ओळी वाटून घेतल्या, एका बाकाला एक. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, खाली सात तीनदा आलाय. साताची ओळ एकदाच करू, तीनदा उतरवू." शून्याची ओळ तर करायचीच नव्हती. मग सगळ्यांनी मिळून उभी बेरीज केली.

सरांनी नवाचा ताळा घेतला, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करून गुणाकार तपासला. वरच्या संख्येचे अंक मिळवले: ६४, म्हणजे १०, म्हणजे १. खालच्या संख्येचे ३७, तेही १. एक गुणिले एक, एकच यायला हवा. आमच्या उत्तराचे अंक भरले १०८, म्हणजे ९! कुठंतरी एक हातचा सुटला होता. उजवीकडून एकेक रकाना पुन्हा मोजला, तेव्हा बाराव्या रकान्यात सापडला. आता बेरीज १०९. ताळा जमला!

ताळा पाहायची ही सवय मुलांना लावाच. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढेही पाठ हवेत, असं माझं ठाम मत आहे. मंडईतल्या मावशी पावणेदोन किलोचे पैसे तोंडी सांगतात, ते मी मुद्दाम थांबून ऐकते.

तर आपली संख्या. दोनचा सदुसष्टावा घात, वजा एक. तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला सदुसष्टनं भागलं की बाकी एकच उरते. म्हणून शोधणाऱ्याला वाटेल त्या संख्येनं भागून पाहावं लागत नाही. १९३७०७७२१ मधून एक काढा, सदुसष्टनं भागा, येतात २८९११६०. पूर्ण भाग जातो. दुसऱ्या अवयवाला तुम्ही भागून पाहा. लिहून घ्या: ७६१, ८३८, २५७, २८७. आधी एक वजा करा बरं का.