खांदशेकणी आणि तेरवी

अध्यक्ष महोदया, मंडळाचे पदाधिकारी आणि बंधुभगिनींनो,

आत्ताच या सभागृहात आपल्या लेकरांनी लाकडी बैल मिरवले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला तान्हा पोळा सातासमुद्रापार पाहून डोळे भरून आले. मला समाजातल्या हितकारक आणि अहितकारक रूढींवर बोलायला सांगितले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. तेव्हा पोळ्यापासूनच सुरुवात करतो.

पोळा श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असते, त्या खांद्याला हळद आणि तूप चोळून पळसाच्या पानांनी तो शेकतात आणि बैलाला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे सांगतात. लहानपणी मला या आमंत्रणाची गंमत वाटे. पुढे उमगले की या निमित्ताने धन्याला वर्षातून एकदा तरी तो खांदा स्वतःच्या हाताने चाचपावा लागतो, आणि जुवाने पडलेला घट्टा, सूज, सोलवटलेली कातडी डोळ्यांआड राहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी बैलाला ना औत ना चाबूक. सालगड्याला नवे कपडे मिळत आणि आमच्या घरी जेवण असे. अर्थात ‘घरी’ म्हणजे ओसरीवर, आणि त्याचे ताट गोठ्याच्या आढ्याला वेगळे खोचलेले असे. ते ताट तिथे का असते, हे विचारायला मला शाळा संपेपर्यंत सुचले नाही.

आखरावर, म्हणजे गुरे जमतात त्या गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होऊन तोरण तुटले, पोळा फुटला, की बैल दारोदार येतात. घरची सवाष्ण त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळी भरवते. आमच्या घरात बैलांचे शेण काढणारी, त्यांना सरकी-ढेप चारणारी, रात्री-अपरात्री कंदील घेऊन गोठ्यात जाणारी बाई म्हणजे माझी काकू. काका गेले तेव्हा ती पस्तिशीच्या आतबाहेर होती. त्या वर्षापासून पोळ्याच्या दिवशी बैल दारात आले की ती माजघराच्या दाराआड उभी राहू लागली. तिला आत जा असे कोणी म्हटले नव्हते, हे सगळ्यांनी मला वेळोवेळी आवर्जून सांगितले आहे.

रूढींची हितकारक आणि अहितकारक अशी वाटणी कागदावर सोपी असते. गावात मात्र एकाच सणाच्या एकाच तासात दोन्ही असतात. त्यामुळे सण ठेवायचा की टाकायचा, या वादात मला रस उरलेला नाही. त्याचा भार कोणाच्या खांद्यावर येतो, एवढे मी पाहतो. आणि तसे पाहू लागल्यावर पहिला दोषी मी स्वतःच निघालो.

वडील वारले तेव्हा मी इथून विमानाने गेलो. मुलगा परदेशात, म्हणून तेरवी तशीच व्हायला हवी, असे भाऊबंदांचे म्हणणे पडले आणि मीही पैसे पुढे केले. आजूबाजूच्या पाच गावांना सांगावा गेला, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पंगती उठल्या आणि बुंदीच्या टोपल्या तरीही उरल्या. मला समाधान वाटले, हे कबूल करतो. पुढच्या वर्षी शेजारच्या घरी म्हातारे गृहस्थ गेले. त्यांच्या मुलाची चार एकर कोरडवाहू शेती, पण पंगत आमच्यापेक्षा फार खाली उतरू नये म्हणून त्याने जोडीतला एक बैल विकला. पेरणीला त्याने भाड्याचा ट्रॅक्टर सांगितला. पूर्वीची गोष्ट असती तर गावाने इर्जिक केले असते: अडलेल्याच्या शेतात आपापल्या जोड्या घेऊन शेजारी उतरत, दिवसात पेरणी उरकत, आणि धन्याने फक्त जेवण द्यायचे. इर्जिक आमच्या गावातून नाहीसे झाले, तेरवीची पंगत मात्र लांबली, आणि ती लांबवण्यात माझ्यासारख्यांच्या पैशाचा हात आहे.

हे कळायला विसावे शतक उलटायला नको होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून गोडाचे जेवण दिले आणि पुढे जन्मभर कीर्तनांतून कर्ज काढून केलेल्या जेवणावळींवर कोरडे ओढले. जातपंचायतीने वाळीत टाकण्याला आळा घालणारा आपल्या राज्याचा कायदा 2016 चा आहे; पंगत छोटी केली म्हणून होणाऱ्या कुजबुजीवर मात्र कायदा चालत नाही.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी ठेवतो. गावाकडे तेरवीसाठी पैसे पाठवणाऱ्या सभासदांनी पंगत घरच्यांपुरती ठेवावी आणि उरलेली रक्कम गावातल्या अडलेल्या घराच्या बी-बियाण्याला द्यावी. मी माझ्यापुरते हे सुरू केले आहे. दुसरे, आपल्या जानेवारीच्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेत अजून ‘सर्व सुवासिनींना’ असे छापले जाते. तिथे ‘सर्व भगिनींना’ असे छापावे.

मागच्या पोळ्याला माझ्या धाकट्या भावाने ओवाळणीचे ताट काकूच्या हाती दिले. व्हिडिओ कॉलवर मी पाहत होतो. शेजारच्या दोघी पदर सावरून निघून गेल्या, एक थांबली. काकूचा हात इतका थरथरत होता की निरांजन विझले. बैलाने तिकडे लक्ष न देता, रोजच्यासारखी, तिच्या हातातली पोळी ओढून घेतली.