बाटलीतली हवा आणि दुपारचे ऊन

नमस्कार श्रोतेहो. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत पारा 42 अंशांच्या आसपास जातो, आणि गच्च हवा भरून उन्हात उभ्या केलेल्या सायकलची ट्यूब फुटल्याचा आवाज एखाद्या दुपारी गल्लीत ऐकू येतो. तापलेली हवा जास्त जागा मागते, ही गोष्ट लहान मुलांना सांगण्यापेक्षा दाखवणे कितीतरी सोपे आहे.

सकाळच्या गारव्यात एक लिटरची रिकामी बाटली घ्यावी आणि तिच्या तोंडावर, आधी एकदा फुगवून सैल केलेला फुगा घट्ट चढवावा. नवा फुगा सहसा दाद देत नाही. मग बाटली उन्हात ठेवायची, पण त्याआधी ‘आता काय होईल?’ याचे उत्तर प्रत्येकाकडून वदवून घ्यायचे. ही पायरी मी कधीही गाळत नाही, कारण ज्या मुलाने अंदाज बांधला आहे, ते बाटलीवरून नजर हटवत नाही. ऊन चढेल तसा लोंबणारा फुगा मान वर काढू लागतो. आतली हवा 27 अंशांवरून 42 अंशांपर्यंत तापली, तर लिटरमागे ती सुमारे 50 मिलिलिटर वाढते, म्हणजे टपरीवरच्या लहान कपातल्या चहाएवढी.

इथे एक गैरसमज हमखास होतो. तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली, “सर, गरम हवा वर गेली म्हणून फुगा फुगला.” तिला चूक न ठरवता मी ती बाटली माठातल्या पाण्याने गार केली, उलटी धरली आणि तिच्याभोवती गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळले. फुगा खालच्या बाजूलाही फुगला. जरा वेळ बघून ती म्हणाली, “म्हणजे ती सगळीकडंच पसरती की!” पसरल्यामुळेच गरम हवा हलकी होते आणि भोवतालची गार हवा तिला वर ढकलते; नांगरलेल्या रानात उठणाऱ्या वावटळीचे मूळ तिथेच आहे, पण ते दुसऱ्या दिवशी सांगावे.

गरम पाणी मोठ्यांनीच हाताळावे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत.

ऊन नसेल, तर काचेची रिकामी बाटली फ्रिजमध्ये गार करून तिच्या तोंडावर ओले नाणे ठेवावे आणि मुलाला दोन्ही तळव्यांनी बाटली धरायला सांगावे. थोड्याच वेळात नाणे टक् करून उचलते. ते किती वेळा उचलते, हे त्यालाच मोजू द्यावे.